गिअरबॉक्सचं वकीलपत्र

गाडीचा गिअरबॉक्स पहिल्यांदा जातो तेव्हा माणूस हळहळतो, दुसऱ्यांदा जातो तेव्हा चिडतो आणि तिसऱ्यांदा गेला की घरात शांत करून घेण्याचा विषय निघतो. शांत म्हणजे ग्रहांची. गाडीला पत्रिका नसते ही अडचण कुणाच्या तरी आईला सांगलीला व्हिडिओ कॉलवर समजावून सांगावी लागते. ‘मग विकत घेतली ती वेळ धरा,’ असा तोडगा ती माउली जागच्या जागी काढते. एवढी चपळाई पुढे कुठल्याच तज्ज्ञाने दाखवलेली नाही, म्हणून तिचा उल्लेख आधी.

डेट्रॉईटच्या आजूबाजूला नोव्हाय, ट्रॉय, कॅन्टन, फार्मिंग्टन हिल्स अशी उपनगरं आहेत आणि तिथला मराठी माणूस बहुतेक वेळा मोटारींच्या धंद्यात असतो. कुणी ब्रेकमध्ये, कुणी सीटमध्ये, कुणी उभी हयात दरवाज्याच्या रबरात. (दार लावल्यावर ‘धप्’ असा श्रीमंत आवाज यावा म्हणून जी पट्टी असते तिच्यात. या आवाजावर लोकांनी घरं बांधली आहेत.) मुलं कॉलेजात गेली, कर्जाचे हप्ते संपत आले, की यांच्यातल्या काहींना जुनी हुक्की येते. होस्टेलच्या भिंतीवर ज्या गाडीचं चित्र चिकटवलं होतं ती आता आपल्या ड्राइव्हवेत उभी राहू शकते, असा साक्षात्कार होतो. मी ज्याला ‘मालक’ म्हणणार आहे तो यांच्यातला. दोन-तीन मित्र एकत्र कालवून तो तयार केला आहे, आणि त्या प्रत्येकाला हा दुसराच कुणीतरी आहे असं वाटेल याची मला खात्री आहे.

गाडी शेव्हरोले कॅमॅरो, आयरॉक-झी. ही १९८५ ते १९९० या काळात निघाली. लांब नाक, दोन दारं, मागची सीट फक्त पिशव्यांना बसायला. १९८७पासून तिच्यात ५.७ लिटरचं व्ही-एट इंजिन मिळू लागलं, २२५ हॉर्सपॉवरचं. हा आकडा सांगताना मालक आवाज जरा खाली आणतो, कारण मुलीला कथकच्या क्लासला सोडणाऱ्या घरच्या होंडा ओडिसीत २८० हॉर्सपॉवर आहेत. पण ओडिसीचं चित्र अजून कुणी होस्टेलच्या भिंतीवर लावलेलं नाही.

आणि ही गाडी ऑटोमॅटिक. इथं मालकाला प्रत्येक पाहुण्यापुढे खुलासा करावा लागतो. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीत स्टीअरिंगलगतचा दांडा ओढून जी पिढी गिअर शिकली, तिला स्पोर्ट्स गाडीत क्लचचं पेडल दिसलं नाही की फसवल्यासारखं वाटतं. खुलासा असा की ५.७ लिटरच्या इंजिनाबरोबर कंपनीने या कॅमॅरोत मॅन्युअल गिअरबॉक्स दिलाच नाही. तेव्हाचा टी-५ नावाचा पाच गिअरचा मॅन्युअल बॉक्स त्या इंजिनाचा टॉर्क झेलण्याइतका दणकट नव्हता. ताकद हवी असेल तर ऑटोमॅटिक घ्या, नाहीतर लहान इंजिन घेऊन हाताने गिअर टाकत बसा, असा सरळ सौदा होता. ‘म्हणजे ऑटोमॅटिक हेच खरं मर्दानी,’ असा निष्कर्ष काढून मालक पाहुण्याला चहा विचारतो.

त्या ऑटोमॅटिकचं नाव ७००आर४. मी वकीलपत्र घेतलं आहे ते याचं.

अशिलाच्या घराण्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण घराणं इथलंच. क्लचचं पेडल नसलेला, मोठ्या संख्येने विकला गेलेला पहिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक. तो १९४०च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आला. लवकरच अमेरिका महायुद्धात उतरली आणि तो रणगाड्यांत गेला. युद्धानंतर तो इतका चालला की लिंकनसारख्या प्रतिस्पर्ध्याने तो जनरल मोटर्सकडूनच विकत घेतला आणि रोल्स-रॉइसने परवाना घेऊन बनवला. मग १२ ऑगस्ट १९५३ या दिवशी डेट्रॉईटजवळच्या लिव्होनियातला हायड्रामॅटिकचा अख्खा कारखाना जळाला. कटिंग टॉर्चची ठिणगी निमित्ताला झाली. गाड्या तयार आणि गिअरबॉक्सच नाहीत! मग कॅडिलॅकमध्ये ब्यूइकचा डायनाफ्लो बसवा, पॉन्टिअॅकमध्ये शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड बसवा, अशी सोयरीक जमवून त्या वर्षाची वेळ मारून नेली. उत्पादन विलो रनला हलवलं. युद्धात जिथे बी-२४ बॉम्बर विमानं बनत होती ती ही प्रचंड इमारत. तिथे २०१०पर्यंत गिअरबॉक्स बनत राहिले. तेव्हा गिअरबॉक्स जळण्याची या भागाला सवय आहे. फरक इतकाच की १९५३मध्ये ठिणगी कुठून पडली याचा शोध घेतला गेला.

७००आर४ हा या कुळातला १९८२चा जन्म. चार गिअर. पहिला ३.०६चा, म्हणजे सिग्नल सुटल्यावर पाठ सीटला चिकटावी असा. चौथा ०.७०चा, म्हणजे हायवेवर इंजिनाने निवांत फिरावं आणि पेट्रोल वाचावं असा. उधळपट्टी आणि काटकसर एकाच पेटीत. सुरुवातीच्या वर्षांत याच्यात कमजोऱ्या होत्या. आत टॉर्क घेऊन जाणारा शाफ्ट पुढे जाड करावा लागला, आणखीही सुधारणा झाल्या, आणि १९८७च्या सुमारास हा बराच वयात आला. एक दोष मात्र राहिला आणि तो मी कोर्टात आपणहून कबूल करतो. आतमध्ये पातळ पत्र्याची एक टोपी असते, तिला सन शेल म्हणतात. ती वयोमानाने तडकते. ती तडकली की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही एकदम जातात. पहिला आणि तिसरा राहतात.

मालकाचा मूळ गिअरबॉक्स असाच गेला. नैसर्गिक मृत्यू.

रिव्हर्स नसलेली गाडी चालवून पाहिल्याशिवाय माणसाला जग कसं आखलंय ते कळत नाही. प्रत्येक पार्किंगमध्ये शिरण्याआधी समोरून बाहेर पडता येईल का हे पाहावं लागतं. मालकाने पटेलांच्या दुकानासमोर गाडी चुकून भिंतीला तोंड करून लावली आणि मग सोनामसुरीची पोती वाहणाऱ्या दोन तरुणांना ती मागे ढकलायची विनंती केली. त्यांनी ढकलली. ‘अंकल, स्पोर्ट्स कार आहे ना ही?’ असं त्यातल्या एकाने विचारलंही. तो प्रश्न मालक अजून विसरलेला नाही.

गाडी टो होऊन एका वर्कशॉपमध्ये गेली. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, अशी वर्कशॉपं प्रत्येक गावात आहेत. गिअरबॉक्स उतरवला, उघडला, नवी टोपी, नव्या क्लच प्लेट, नवी रबरं घालून पुन्हा चढवला. बारा महिने किंवा बारा हजार मैल, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी. गाडी घरी आली तेव्हा काय चालायची! लोण्यासारखी, असं मालक म्हणायचा. गिअर कधी पडला ते कळायचंच नाही. पन्नासच्या आत चौथा. तेव्हा सांगलीहून आलेली आणि मागच्या सीटवर पिशव्यांच्या जागी कशीबशी बसलेली आईसुद्धा म्हणाली, ‘किती छान चालते रे, आपल्या एसटीची आठवण पण येत नाही.’

त्या गुळगुळीतपणातच सगळं होतं, पण सुख लागत असताना कोण चौकशी करतो?

इथे आतलं थोडं सांगणं भाग आहे. मी जमेल तितकं आवरतो. ऑटोमॅटिकच्या पोटात क्लच प्लेटांचे गठ्ठे असतात. तेलाचा दाब आला की गठ्ठा आवळला जातो आणि तो गिअर धरतो. दाब सुटला की सैलावतो. इंजिन जोरात असेल तर गठ्ठा जास्त आवळावा लागतो, नाहीतर प्लेटा एकमेकींवर घसरतात आणि घसरल्या की जळतात. एवढंच शास्त्र आहे, बाकी सगळे व्हॉल्व्ह आणि वाहिन्या. ते तेलही साधं नसतं. गळती झाली तर इंजिन ऑईलपेक्षा वेगळं ओळखू यावं म्हणून लाल रंगवलेलं असतं. पूर्वी त्यात स्पर्म व्हेलचं तेल घालत, कारण उष्णतेत टिकणारी तशी निसरड दुसऱ्या कशात सापडत नव्हती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्यावर बंदी आणली आणि रसायनशास्त्रज्ञांना देवमाशाला पर्याय शोधावा लागला. हे मी एकदा पंगतीत सांगितलं तेव्हा समोरच्या काकांनी हात थांबवून ‘आता नसतं ना पण?’ असं विचारलं होतं. नसतं. चातुर्मासातही गाडी चालवायला हरकत नाही.

तर वॉरंटी संपायला थोडे दिवस होते तेव्हा आय-६९६वर दुसरा मृत्यू झाला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनाचा आवाज एकदम चढला, टॅकोमीटरचा काटा वर गेला, आणि गाडी मात्र जैसे थे. पहिल्या काही सेकंदांत मालकाला वाटलं की इंजिन खुललं. त्याने तसं मोठ्याने म्हटलंही. शेजारी बसलेल्या वहिनींनी खिडकीतून पाहिलं आणि आपल्याला एक ट्रक, एक स्कूल बस आणि एक झाडं वाहणारा ट्रेलर ओव्हरटेक करून गेल्याचं निदर्शनाला आणलं. तिसऱ्या-चौथ्याचा क्लच जळाला होता. या बॉक्समध्ये तिसरा आणि चौथा गिअर एकाच गठ्ठ्यावर चालतात, त्यामुळे जातात तेही जोडीने. दुसऱ्या गिअरमध्ये, चारही इंडिकेटर लावून, ती स्पोर्ट्स गाडी घरी आली.

डिपस्टिक काढली. ही काढतानाही एक गंमत असते. इंजिनाचं तेल इंजिन बंद करून बघायचं आणि हे इंजिन चालू ठेवून, गरम असताना बघायचं. त्यामुळे ड्राइव्हवेत बॉनेट उघडं, इंजिन धडधडतंय आणि तीन प्रौढ गृहस्थ एक लांब सळई आळीपाळीने नाकाशी नेतायत, असा देखावा शेजाऱ्यांना दिसतो. तेल तपकिरी झालेलं, करपट वासाचं. तिघांनीही ‘हं’ म्हटलं. या ‘हं’चा अर्थ तिघांचाही वेगळा होता.

वर्कशॉपमध्ये गल्ल्यावरच्या माणसाने एकच प्रश्न विचारला, ‘रेसिंग केलंत का?’

आता मालक कसा आहे ते सांगतो. रिकाम्या रस्त्यावर लेन बदलताना तो सिग्नल देतो. स्टॉपच्या पाटीपाशी पूर्ण थांबून मनात तीन आकडे मोजतो. त्याला आयुष्यात प्रथमच कुणीतरी हा प्रश्न विचारला होता. तो लाजला. ‘नाही, तसं... कधीतरी, थोडंसं,’ असं काहीसं तो हसत म्हणाला आणि त्या हसण्यासरशी वॉरंटी गेली. रेसिंगला वॉरंटी लागू नाही, असं कागदावर स्पष्ट छापलेलं होतं. वहिनींनी परतीच्या वाटेवर शब्दही काढला नाही. पण मालकाची मान जरा ताठ होती असं त्या अजून सांगतात.

त्याच सुमारास गणपती आले. आमच्याकडे आरतीनंतर बायका वर, पोरं तळघरात आणि पुरुष गॅरेजात अशी विभागणी आपोआप होते. झब्बे घातलेले आठ-दहा जण, हातात प्रसादाच्या द्रोणांऐवजी कागदी बशा, मधोमध जॅकवर चढवलेली कॅमॅरो. जगातल्या फार कमी गाड्यांना इतकं शिक्षण एकाच वेळी लाभलं असेल. कंपनांवर काम करणाऱ्याने इंजिन चालू करायला सांगितलं, डोळे मिटले आणि आवाज गिअरबॉक्सचा नाहीच, प्रॉपेलर शाफ्टचा आहे असं जाहीर केलं. सॉफ्टवेअरवाल्याने बॅटरीची वायर काढून दहा मिनिटांनी परत लावायला सांगितलं; या गिअरबॉक्सचे गिअर संपूर्ण तेलाच्या दाबावर पडतात, त्यात विचारायला कॉम्प्युटर जवळपास नाहीच, हे त्याला पटवायला दहा मिनिटांहून जास्त लागली. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीवर काम करणारा नुसता हसत उभा होता. दरवाज्याच्या रबरवाल्याने दार दोनदा लावून पाहिलं आणि मान हलवली.

पण मला लक्षात राहिला तो क्वालिटीवाला. टोयोटाने ‘पाच वेळा का विचारा’ अशी पद्धत रूढ केली आहे. बिघाड झाला, का झाला? अमुक तुटलं, ते का तुटलं? असं पाच पायऱ्या खाली उतरत मूळ कारणापाशी जायचं. हा गृहस्थ सोमवार ते शुक्रवार सप्लायर लोकांना हेच पाच प्रश्न विचारून रडकुंडीला आणतो. एका स्क्रूच्या गंजामागचं पाचवं ‘का’ शोधायला तो एकदा मेक्सिकोला जाऊन आला आहे. शनिवारी, गॅरेजात, जळक्या गिअरबॉक्ससमोर मोदक खाताना त्याने एकच प्रश्न विचारला. ‘नवा कितीला पडेल?’

तीन ‘का’ कुणी विचारले असते तरी पुरे होतं. क्लच का जळला? घसरला म्हणून. का घसरला? दाब कमी पडला म्हणून. तिसऱ्या ‘का’ला उत्तर बॉक्सच्या बाहेर सापडलं असतं. पण बॉक्सच्या बाहेर पाहायची कुणाला गरज वाटली नाही, कारण मेलेला बॉक्स समोर पडलेला होता आणि जो मेला त्याचीच काहीतरी चूक असणार अशी आपली समजूत असते.

मग सल्ला आला तो मजबुतीचा. आपल्याकडे घरातला फ्यूज वारंवार उडायला लागला की वडील मंडळी एक दिवस वैतागून त्यात जाड तार घालतात. त्याच जातीचा हा सल्ला. दोन प्लेट जास्त घाल. कॉर्व्हेटचा सर्व्हो टाक. (दुसऱ्या गिअरचा पट्टा आवळणारा हा जरा मोठा दट्ट्या ७००आर४वाल्यांच्या जगात सर्वरोगहर मानला जातो. पाठ दुखत असली तरी कुणीतरी तो सुचवेल.) शिफ्ट किट टाक, म्हणजे गिअर दणकन पडतील. मोठा ऑईल कूलर लाव. यातला कूलर खरोखर कामाचा, उष्णता ही गिअरबॉक्सची वैरीणच, फक्त मिशिगनच्या जानेवारीत त्याची तितकी निकड भासत नाही. मालकाने सगळं केलं. दुरुस्तीऐवजी कॅटलॉगमधून ‘हेवी ड्यूटी’ तयार बॉक्सच मागवला. तो लाकडी चौकटीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून आला. त्याच वर्कशॉपने चढवून दिला.

आणि पुन्हा गाडी लोण्यासारखी. मऊ, लवकर पडणारे गिअर. शिफ्ट किट असूनही! मालकाला वाटलं, क्वालिटी.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते. फर्नडेलपासून पॉन्टिअॅकपर्यंतच्या रस्त्यावर हजारो जुन्या गाड्या निघतात आणि लोक खुर्च्या टाकून दुतर्फा बसतात. १९९५पासून हा उत्सव चालू आहे. नावात क्रूझ असलं तरी प्रत्यक्षात तो गणपती विसर्जनाच्या वेगाने सरकतो. तिथे, भर उन्हात, प्रेक्षकांनी ‘एक आवाज होऊन जाऊ दे’ अशी हातवारे करून विनंती केल्यावर मालकाने प्रथमच खरोखर अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गरजलं. गाडी जागची हलली नाही म्हणणार होतो, पण हलली, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या नेमक्या कशाला हे कळलं नाही.

तर आता मुख्य आरोपी.

बॉनेट उघडलं की इंजिनाच्या थ्रॉटलपासून एक बारीक केबल खाली गिअरबॉक्समध्ये जाते. टीव्ही केबल म्हणतात तिला. टीव्ही म्हणजे इथे थ्रॉटल व्हॉल्व्ह, मालिकांशी संबंध नाही. अॅक्सिलरेटर जितका दाबाल तितकी ही केबल ओढली जाते आणि त्या प्रमाणात गिअरबॉक्समधला तेलाचा दाब वाढतो. म्हणजे मालक पाय किती जोरात दाबतोय ही बातमी गिअरबॉक्सला कळण्याचा हाच मार्ग. केबल ढिली राहिली की वर इंजिन जिवाच्या आकांताने ओढतंय आणि खाली गिअरबॉक्सला वाटतंय आजीबाई देवळात निघाल्या आहेत. तो प्लेटांना हळुवार धरतो. गिअर लवकर आणि मऊ पडतात. सगळ्यांना फार आवडतं. प्लेटा घसरतात, तापतात, करपतात.

चूक इतक्या लोकांकडून का होते याला इतिहास आहे. याच्या आधी टर्बो ३५० नावाचा तीन गिअरचा बॉक्स होता. साधा, भरवशाचा, अर्ध्या अमेरिकेतले मेकॅनिक त्याच्यावर हात धुऊन शिकले. त्यालाही अशीच दिसणारी एक केबल होती. पण तिचं काम एवढंच की पेडल पूर्ण दाबलं की खालचा गिअर पडावा. ती ढिली राहिली तर ओव्हरटेक करताना जरा जोर कमी पडायचा, बाकी काही नाही. दाबाचं खातं तिथे निराळं, इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारं. त्यामुळे ‘ती केबल ना, बघू सावकाश’ ही सवय हाताला लागली. ७००आर४ने ती केबल तशीच ठेवली आणि तिच्याकडे सगळ्या घराच्या किल्ल्या दिल्या. दिसायला तीच, अधिकार वेगळे. असं खात्यातल्या जुन्या शिपायाला न सांगता सचिव केलं तर जे होतं ते गावोगाव झालं.

मालकाच्या गाडीत काय झालं ते आता उघड आहे. पहिला बॉक्स टोपी तडकून वारला. त्याला उतरवताना केबल सोडली. नवा चढवताना ती परत अडकवली, पण जुळवली नाही. दुसरा त्यामुळे मेला. तिसरा जाड तारेसकट आला आणि त्यालाही तीच केबल मिळाली. शिवाय त्याच्या वाट्याला आणखी एक जण आला. दुसरा मेला तेव्हा त्याच्या प्लेटांची जळकी भुकटी तेलातून रेडिएटरमधल्या कूलरात आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये जाऊन बसली होती. कन्व्हर्टर जुनाच ठेवला, रेडिएटरमधला कूलर धुतला नाही, मोठा नवा कूलर त्याच नळ्यांना जोडला. नव्या बॉक्सने सुरू झाल्याबरोबर आपल्या पूर्वसुरींची राख प्यायली.

हे उलगडलं कसं, तर लोभाने. अमेरिकेत तयार बॉक्स घेताना जुन्या सांगाड्यासाठी अनामत ठेवावी लागते. सांगाडा परत केला की पैसे परत. तिसरा बॉक्स मेल्यावर मालक लाकडी चौकट शोधायला शेडमध्ये गेला आणि प्लास्टिकच्या घडीत त्याला एक पिवळा कागद मिळाला. मोठ्या अक्षरांत छापलं होतं की टीव्ही केबल जुळवल्याशिवाय गाडी हलवू नका, हलवल्यास वॉरंटी रद्द. तो कागद पंधरा हजार किलोमीटर दूरच्या भाषेत नव्हता, इंग्रजीतच होता. वर्कशॉपने तो वाचला नव्हता आणि मालक तर कागद मॅन्युअलसकट जपून ठेवणारा. जपून ठेवणारे वाचत नाहीत.

यावेळी, चौथ्या बॉक्सबरोबर, कन्व्हर्टर नवा, रेडिएटर नवा, नळ्या धुतलेल्या. बॉक्सच्या डाव्या अंगाला एक छोटा प्लग असतो, तिथे लांब नळीचा प्रेशर गेज लावला आणि त्याची तबकडी काचेवर चिकटवली. केबल हाताने ओढली की काटा चढला पाहिजे. आधी तो ढिम्म होता. मग जुळवणी. केबलच्या वरच्या टोकाला एक खटका असतो. तो दाबायचा, सरकती पट्टी मागे रेटायची, खटका सोडायचा आणि थ्रॉटल एकदा पूर्ण उघडायचा. पट्टी आपल्या जागी कटकट करत येते. झालं. अवजार लागत नाही. चहा गार होत नाही. पुन्हा ओढून पाहिलं तर काटा झपकन वर.

मला वाटलं होतं मालक आनंदाने नाचेल. तो खुर्ची ओढून बसला आणि पुष्कळ वेळ केबलकडे बघत राहिला. त्याचं दुःख मला हळूहळू समजलं. इतके हजार डॉलर गेले, त्यांना शोभेल असं काहीतरी कारण निघायला हवं होतं. धातुशास्त्रातला दोष, चिनी बेअरिंग, एखादं गुप्त डिझाइन. एका बोटाने दाबायचा खटका हे कारण त्याला अपमानास्पद वाटत होतं. वहिनींना आकडा आणि खटका एकाच वाक्यात कसा सांगायचा हाही प्रश्न होताच.

त्याने तो सांगितलाच नाही. गावातली अधिकृत कथा अशी आहे की तिन्ही बॉक्स माल म्हणूनच खराब होते, चौथा चांगला लागला. गॅरेजातल्या मंडळींनाही ती पटते, कारण तीत सगळ्यांचे सल्ले शाबूत राहतात. क्वालिटीवाला तर म्हणाला, ‘सप्लायरच बदलायला हवा होता आधी.’ जनरल मोटर्सने पुढे १९९३पासून याच बॉक्सच्या पुढच्या अवतारात केबल काढून टाकून ते काम कॉम्प्युटरकडे दिलं, हे मी सांगून पाहिलं. सॉफ्टवेअरवाल्याने तेवढंच उचललं आणि ‘मी म्हणत होतो ना,’ असं सगळ्यांकडे बघून म्हणाला.

गाडी आता ठणठणीत आहे. फक्त गिअर उशिरा आणि ठसक्यात पडतात, जसे पडायला हवेत तसे. घरात हे कुणालाच आवडलेलं नाही. ‘आधी किती छान चालायची,’ असं आई सांगलीहून दर रविवारी म्हणते. वहिनींच्या मांडीवरचा डबा दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना एकदा सांडला, आमटीचा. आणि मालकाला शनिवारी करायला काही उरलेलं नाही. परवा भेटला तर कॅटलॉग घेऊनच बसला होता. इंजिनाला मोठ्या तोंडाचा नवा थ्रॉटल बॉडी बसवायचा म्हणतोय. थ्रॉटल बदलला की केबलची ओढ बदलते, तिच्यासाठी ब्रॅकेट वेगळा लागेल, असं मी म्हणालो.

‘ते नंतर बघू,’ मालक पान उलटत म्हणाला.